ताडपत्रीमागचे बाबा

विनताने आयुष्यात पूर्ण केलेल्या गोष्टी मोजायला बसलं, तर चित्रकलेची पदवी आणि एकदा टायफॉइडच्या गोळ्यांचा कोर्स, एवढ्यावर मोजणी आटोपली असती. बाकी सगळं सुरू होतं. सुरू करण्यात तिचा हात धरणारं जबलपूरजवळच्या त्या रांझीत कोणी नव्हतं.

तिची वेबसाइट मात्र बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं अशी होती. तिथे 'माझे प्रकल्प' नावाचं एक देखणं पान होतं आणि त्यावर काय नव्हतं! 'शंभर दिवस, शंभर रेखाटनं' ही मालिका तेविसाव्या दिवशी आडवी झाली होती. चोविसाव्या दिवशी मावसबहिणीचं लग्न होतं, आणि पंचविसाव्या दिवशी काल चित्र काढलं नाही याचं इतकं वाईट वाटत होतं की त्या दिवशीही काढवलं नाही. मग फोटोग्राफी. शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या फाटकातून लोंढ्याने निघणाऱ्या सायकली टिपायच्या, असं तिने ठरवलं. फौजेच्या कारखान्यासमोर कॅमेरा काढायचा नसतो, हे रांझीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रांझीतच जन्म काढलेल्या विनताला ते कॅमेरा काढल्यावर आठवलं. गार्डने एकूण एक फोटो पुसायला लावले आणि वर "अंबादासजी की बिटिया हो ना?" म्हणून चहा पाजला. शेवटी बाबांची एकुलती सायकल अंगणात उभी करून तिचेच चार बाजूंनी चार फोटो काढले आणि 'श्रमाची चाकं' असं भारदस्त नाव देऊन ते पानावर चढवले.

मझौलीच्या बाजारातली म्हैस हे तिचं पहिलं भित्तिचित्र. म्हशीचे मागचे दोन पाय राहून गेले. वेबसाइटवरचा फोटो अर्थातच तोंडाच्या बाजूने घेतलेला. मझौलीचे लोक भले, त्यांनी म्हैस तळ्यात बसली आहे असं धरून चालायला सुरुवात केली. पनागरहून येणाऱ्या भाजीच्या गाड्यांवरची अक्षरं बघून नवा देवनागरी टाइप करायला घेतला, त्यात क, ख, ग, घ झोकात झाले आणि 'ङ'पाशी गाडी तीन आठवडे रुतली. 'ङ' कोणालाच लागत नाही. भाजीच्या गाडीला तर नाहीच नाही. पण एक अक्षर अपुरं ठेवून पुढचं कसं घ्यायचं, हा तिचा बाणा, आणि त्या बाण्यापायी सगळंच अपुरं.

पोटापुरतं ती लग्नपत्रिका आणि कोचिंग क्लासचे फ्लेक्स करून देई. ती कामं अगदी वेळेवर होत. त्यात स्वतःचा शोध घ्यायचा नसे ना!

तिचे वडील अंबादास हे त्याच कारखान्यात, पेंट शॉपमध्ये. फौजेच्या गाड्यांना हिरवा रंग मारत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. "तू शंभर रंग घेऊन बसतं," ते म्हणत, "मी एकच घेतला अन् रिटायर होऊन राहिलो." यात टोमणा होता की नाही हे विनताला कधीच कळलं नाही. बहुधा नव्हता. अंबादासांना टोमणे मारता येत नसत, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंच जास्त लागे.

रिटायर होणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवशी वाजतगाजत घरी सोडायचं, ही तिथली रीत. फाटकावर हार, मग उघडी जीप, पुढे ढोल, गुलाल, सेक्शनची सगळी माणसं मोटरसायकलवर मागे, आणि दारात पोचल्यावर समोसे आणि खोव्याची जलेबी. लग्नात नवरदेवाला मिळत नाही इतका मान त्या एका संध्याकाळी मिळतो. त्या महिन्याच्या एकतीस तारखेला अंबादासांची पाळी होती.

महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांनी विनताला अंगणात बोलावलं आणि घराच्या रस्त्याकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"एकतीस तारखेले मले इथं आणतीन. या भिंतीवर तुझी पेंटिंग पाहिजे."

"बाबा, पण..."

"मी सगळ्यायले सांगून ठेवलं. अन् पडदा खोलाले भय्यासाहेब येऊन राहिले."

विनता चमकली. भय्यासाहेब म्हणजे पेंट शॉपचे जुने फोरमन, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. जबलपुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या जुन्या मराठी घराण्यातला करारी माणूस. बाजारात दिसले तर अंबादास त्यांना नमस्कार करत, पण थांबून बोलताना तिने त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तेच काहून?" तिने विचारलं.

"त्यायलेच दाखवाचं आहे मले." अंबादासांनी भिंतीवरून हात फिरवला. "बाकीच्यायनं नाही पाहिलं तरी चालन. त्यायनं पाहिलं पाहिजे, का माझ्या पोरीनं काय केलं ते." एवढं म्हणून ते आत गेले. अंबादास एका वेळी याहून जास्त बोलले म्हणजे घरात काहीतरी गंभीर आहे असं धरायची पद्धत होती.

आजवर विनताने स्वतःलाच तोंडघशी पाडलं होतं, त्याची सवय होती. आता चाळीस माणसांसमोर बाबा पडणार होते.

घाबरल्यावर ती नेहमी जे करते तेच तिने केलं, म्हणजे संकल्पना काढल्या. पहिलीत एक ट्रक हळूहळू पक्षी होत होता. दुसरीत हिरव्या रंगाच्या चौतीस छटा होत्या आणि बाकी काहीही नव्हतं. तिसरीचं नाव 'विराम' होतं. चित्र सुचायचं होतं, नाव झालं होतं. अशा पाच संकल्पना आणि अठरा दिवस गेल्यावर तिची आई, राधाबाई, भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यायचं तोंडच काढ ना सरळ. त्यायच्यासाठीच तर लोक येऊन राहिले."

विनताला हे फारच बाळबोध वाटलं. मग लक्षात आलं की आपण बाबांचं तोंड आजवर एकदाही काढलेलं नाही. सायकल काढली, म्हैस काढली, बाबा राहिले.

त्याच संध्याकाळी तिने त्यांना ओसरीतल्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि वही उघडली. दोन मिनिटांत अंबादास झोपले. दुसऱ्या दिवशी तिने आधी चहा पाजला. चहा पिऊन झोपले. तिसऱ्या दिवशी क्रिकेट लावून दिलं, तर पहिल्या ओव्हरमध्येच मान कलली. खुर्चीला पाठ टेकली की संपलं. तीन दिवसांत चौदा रेखाटनं झाली आणि चौदाही रेखाटनांत बाबा गाढ झोपलेले.

वैतागून ती वही चाळायला बसली आणि चाळता चाळता थांबली. चित्रं चांगली होती. तिच्या हातून इतकी चांगली चित्रं कधी झालीच नव्हती. गाल तळहातावर टेकलेला, तोंड किंचित उघडं, कपाळावरच्या आठ्या झोपेतही ड्युटीवर. तिचं बाबांवर फार प्रेम होतं. हे तिला ठाऊक होतं, पण असं कागदावर दिसलं नव्हतं. तिने संकल्पनांची फाइल बंद केली आणि भिंतीवर चौकटी आखायला घेतल्या.

पहिल्याच दिवशी अंबादासांनी भिंतीवर हिरवी ताडपत्री टांगली. "जॉब इन्स्पेक्शन होईपर्यंत झाकूनच ठेवाचा असते," ते म्हणाले. स्वतः डोकावले नाहीत आणि राधाबाईंनाही डोकावू दिलं नाही. विनता सात दिवस भिंत आणि ताडपत्री यांच्यामधल्या हातभर जागेत शिडी लावून, घामाघूम होत रंगवत होती. मध्ये दोनदा तिला सगळं पुसून नव्याने करावंसं वाटलं. ती जागा इतकी अरुंद होती की मागे सरकून आपल्या कामाकडे निराशेने बघण्याची सोयच नव्हती. बहुधा म्हणूनच काम झालं.

तीस तारखेला दुपारी ते पूर्ण झालं. दहा फूट उंच, झोपलेले अंबादास. विनताने ब्रश धुतले, पुन्हा धुतले. काही पूर्ण झाल्यावर पुढे काय करतात याचा तिला अनुभव नव्हता.

एकतीस तारखेला चारच्या सुमाराला धनेश मोटरसायकलवर आला. हा पेंट शॉपमधलाच, अंबादासांच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतः दोन मुलांचा बाप. मिरवणुकीच्या आधी खुर्च्या आणि नाश्त्याचं बघायला सेक्शनने त्याला पुढे पाठवलं होतं. त्याने खुर्च्या मोजल्या, समोसे हाताने चाचपले आणि मग राहवलं नाही म्हणून ताडपत्रीचा कोपरा उचलला.

कोपरा त्याने लगेच सोडलाही.

"दीदी," तो म्हणाला, "ये सोते हुए काहून बनवले?"

"क्यों? बाबा ऐसेही दिसतात ना. शांत."

"शांत ते ठीक आहे. पण भय्यासाहेब खोलणार हे?" धनेशने कपाळाला हात लावला. "तुमले माहीतच नाही का? ड्युटीवर झोपले म्हणून अंबादासजींना चार्जशीट भेटली होती. रिपोर्ट भय्यासाहेबांनीच लिहिली. नौ साल हो गए. प्रमोशन गेलं ते गेलंच."

विनता स्वयंपाकघरात धावली. "आई, बाबांना चार्जशीट मिळाली होती?"

राधाबाई जलेबी ताटात लावत होत्या. त्यांचा हात थांबला. "तुले कोणी सांगितलं? त्यायनं शपथ घातली होती मले."

"काय झालं होतं?"

"काय होणार. तू इंदूरला कॉलेजात गेली तं हे ड्युटी करून आले का दुकानायचे शटर रंगवाले जात. नंबर प्लेटा, बोर्ड, जे भेटन ते. घरी येऊन तीन-चार घंटे पाठ टेकत का पुन्हा शिफ्ट. एक दिवस गाडीला टेकून डोळा लागला. नेमका मोठा साहेब राउंडवर होता, भय्यासाहेब संगं." राधाबाईंनी पदराने हात पुसले. "तवापासून ड्युटीवर खुर्चीत नाही बसले कधी. जेवत सुद्धा उभ्याउभ्या."

विनताला ती शटरं आठवली. बाबांना अक्षरं रंगवायचा नाद आहे, असं ती समजत होती. सुट्टीत घरी आली असताना एका किराणा दुकानासमोर उभी राहून तिने त्यांना, दोन अक्षरांमधली जागा सारखी ठेवावी लागते, यावर चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. ते व्याख्यान ज्या फीच्या जोरावर ती शिकून आली, ती फी त्याच शटरांतून आली होती. बाबांनी मान डोलावली होती आणि 'र' थोडा सरकवला होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की जलेबीच्या ताटाकडेही बघवेना.

आणि आता तिने काय केलं होतं? ज्या माणसाने नऊ वर्षं चारचौघांत पाठ टेकली नाही, त्याची झोप दहा फूट उंच करून रस्त्यावर लावली होती. पडदा कोण उघडणार, तर रिपोर्ट लिहिणारा. ठरवून सूड घ्यायचा म्हटलं तरी इतका नेमका जमला नसता.

लांबून ढोल ऐकू यायला लागला.

"पांढरा मारून टाकू?" मागोमाग दाराशी आलेल्या धनेशने विचारलं.

क्षणभर तिला ते फार सोपं वाटलं. पुसून टाकण्याचा तिला दांडगा अनुभव होता. पण मग बाबा सगळ्यांसमोर येणार, ताडपत्री पडणार आणि कोरी भिंत दिसणार. "पोरीनं काय केलं" याचं उत्तर काहीच नाही, असं होणार.

"डोळे उघडते," ती म्हणाली.

"काय?"

"बाबांचे डोळे. जागे करते त्यांना. शिडी धरो भैया!"

ती ताडपत्रीमागे घुसली. उजव्या डोळ्यावरची पापणी तिने पांढऱ्याने झाकली, बुबुळ घातलं, काळ्याचा ठिपका दिला, वर चमक दिली. घाईत केलेल्या कामाच्या मानाने डोळा बरा उघडला. अगदी टक्क उघडला. ढोल आता गल्लीच्या तोंडाशी आला होता. ती शिडी डावीकडे ओढायला लागली तर शिडी ताडपत्रीच्या दोरीत अडकली. धनेश ओढतोय, ती ओढतेय, बाहेर "अंबादासजी जिंदाबाद" सुरू झालेलं. शेवटी धनेशने तिला दंडाला धरून बाहेर काढलं, तेव्हा तिच्या एका हातात ब्रश होता आणि नाकावर बुबुळाचा काळा रंग.

जीप दारात थांबली. गुलालाने माखलेले अंबादास खाली उतरले, गळ्यात हनुवटीपर्यंत हार. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग विनताकडे, आणि हसले. ते हसणं बघून तिला पळून जावंसं वाटलं.

भय्यासाहेब मागच्या गाडीतून आले. आता काठी आली होती, पण पाठ ताठ होती. "काय गं, तूच का ती कलाकार? वडिलांनी फोनवर चार वेळा बजावून सांगितलं, यायलाच पाहिजे म्हणून." त्यांनी दोरी हातात घेतली.

"साहेब, थांबा," विनता म्हणाली. "म्हणजे... ते अजून पूर्ण..."

वाक्य नेहमीचं होतं, पण या वेळी कोणी थांबलं नाही. दोरी ओढली गेली आणि ताडपत्री खाली आली.

ढोल थांबला. भिंतीवर अंबादास गाल हातावर टेकून गाढ झोपले होते, आणि त्यातूनच एक डोळा टक्क उघडा ठेवून सबंध गल्लीवर नजर ठेवून होते. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग त्याला आठवलं असावं, कारण हसू अर्ध्यावर थांबलं. पेंट शॉपच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेब भिंतीकडे बघत उभे होते. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

अंबादास भिंतीजवळ गेले. खूप वेळ बघत राहिले.

"मी झोपतो तं असा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा." विनताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "बाबा, मला माहीत नव्हतं. सच में माहीत नव्हतं. आत्ता कळलं सगळं."

"मले वाटे, चोरासारखा दिसत असन." त्यांनी भिंतीवरच्या आपल्याच गालाला बोट लावून पाहिलं. "हा तं भला माणूस दिसून राहिला." मग त्यांनी मान वर केली. "तो एक डोळा काहून उघडा?"

"मी उघडला. आत्ता. घाबरून. तुमची बदनामी नको म्हणून. दुसरा पण उघडणार होते, शिडी अडकली."

आता मात्र धनेशपासून सगळे हसले, आणि अंबादासही हसले. हसता हसताच त्यांनी हार काढून राधाबाईंच्या हातात दिला.

"मिटव तो," ते म्हणाले. "नऊ वर्षं उघडाच ठेवला मी. पुरे झालं."

विनता शिडीवर चढली. खाली चाळीस माणसं बघत होती. तिने बुबुळ झाकलं, पापणी खाली आणली, पापणीखालची सावली दिली. मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. "अंबादासजी बसले," धनेश हळूच म्हणाला. ते वाक्य बातमीसारखं माणसामाणसांतून मागे गेलं. विनताने वळून पाहिलं नाही. पापणीचे केस राहिले होते. एकेक करून तिने ते काढले. घाई केली नाही, बदलायचंही काही सुचलं नाही. शेवटचा केस काढून ती खाली उतरली.

"झालं, बाबा."

गल्लीच्या मधोमध, सबंध पेंट शॉपच्या देखत, प्लास्टिकच्या लाल खुर्चीत अंबादास झोपले होते. गाल तळहातावर होता, तोंड किंचित उघडं होतं. ढोलवाल्याने, आता सगळं पार पडलं असं समजून, टिपरू उचललं.

भय्यासाहेबांनी काठी आडवी धरली. "भाई, अभी नहीं," ते हळू आवाजात म्हणाले. "आदमी सो रहा है."